आकडे बरोबर आहेत

सांगलीच्या माधवनगर रस्त्यावर जयराज इंजिनिअरिंग वर्क्सच्या माडीवर एक कॉम्प्युटर होता आणि त्याला वडूजकडचं मराठी समजायचं. ‘रेघ’ म्हटलं की तो रेघ ओढायचा, ‘गोल’ म्हटलं की गोल काढायचा, ‘पूस’ म्हटलं की पुसायचा आणि ‘गप’ म्हटलं की खरोखर गप व्हायचा. अख्ख्या कारखान्यात सांगितल्याबरोबर ऐकणारा एवढा एकच इसम आहे, असं खाली वेल्डिंगवरची माणसं म्हणायची, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

त्याला ही भाषा शिकवली होती जोतीराम नलवडे यांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा मूळचे वडूजचे. फौजेत पुलांची आणि बराकींची ड्रॉइंगं काढता काढता हवालदार होऊन पेन्शनीत निघाले, आणि मग इथं सांगलीत हळदीच्या ड्रमांची ड्रॉइंगं काढायला लागले. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या ड्रममध्ये घालून फिरवली की हळकुंडं एकमेकांवर घासून झकपक होतात. ते ड्रम करणं हा या कारखान्याचा धंदा. नव्वद साली मालकांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा अण्णा पन्नाशीला टेकलेले. मशीन काळ्या पडद्याचं, माउसबिऊस काही नाही, प्रत्येक गोष्ट टाइप करून सांगायची आणि तीही इंग्रजीत. वर्तुळाच्या इंग्रजी स्पेलिंगात आधी सी की आधी एस, हे आठवेपर्यंत अण्णा माप विसरायचे. दोन दिवस त्यांनी दात-ओठ खाल्ले. तिसऱ्या दिवशी मशीन बसवायला आलेला माणूस जाता जाता सहज म्हणाला, की यात एक यादी असते, तिच्यात कुठल्याही हुकमाला आपल्याला हवं ते दुसरं नाव देता येतं.

झालं. हवालदाराच्या हातात हुकमांची यादी. महिन्याभरात अण्णांनी एक्केचाळीस हुकूम आपल्या बोलीत लिहून काढले. अक्षरं इंग्रजी, शब्द वडूजचे. केलेलं रद्द करायच्या हुकमाला त्यांनी नाव ठेवलं ‘माघार’, आणि ते टाइप करताना कुणी बघत नाही ना हे आधी बघून घ्यायचे, कारण माघार चारचौघांत घ्यायची नसते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. खाली लोखंड कापणारी, वेल्डिंग करणारी माणसं मराठी वाचणारी, आणि प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरं नाहीत. मग अण्णांनी एका पावसाळ्यात बारीक बारीक रेघा जोडून सगळी मुळाक्षरं स्वतः तयार केली. अक्षरं त्यांच्या हस्ताक्षरासारखीच, जरा उजवीकडं कललेली. तेव्हापासून ड्रॉइंगवर मापांच्या शेजारी सूचना यायला लागल्या. ‘हितं भोक दोन.’ ‘हितं वेल्डिंग नको, जाळी जळंल.’ एका ड्रॉइंगवर तर नुसतं ‘नाथाजी, घाई नको’ एवढंच होतं. नाथाजी म्हणजे तिथला जुना वेल्डर. त्या ड्रॉइंगची घडी तो कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडत होता.

चारुशीला चौऱ्याण्णव साली या माडीवर आली. ती वाईची, आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. कारखान्यात मुलगी कशाला, असं बऱ्याच जणांचं मत पडलं होतं. अण्णांनी तिला एक कागद दिला, तिची रेघ बघितली, आणि रेघ सरळ आहे, आणखी काय बघायचं असतं, असं मालकांना विचारून विषय संपवला. पहिल्याच दिवशी तिनं वाईच्या वळणानं ‘वर्तुळ’ असा हुकूम दिला आणि कॉम्प्युटरनं साफ नकार दिला. अण्णा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चार वर्षांत मात्र तिला या भाषेची अशी सवय झाली, की सुट्टीत घरी गेल्यावर तिनं भाजीवाल्याच्या हिशेबाकडं बोट दाखवून ‘पूस की ते’ म्हटलं आणि तिच्या आईनं कपाळाला हात लावला.

मग अठ्ठ्याण्णवचा जानेवारी उजाडला. हळदीचा हंगाम तोंडावर आला होता. थोरले मालक आता देवाघरी गेले होते आणि त्यांचा मुलगा जयराज कारभार बघत होता. तो हुशार, उमदा आणि नव्याचा भोक्ता. त्यानं नवीन कॉम्प्युटर आणला, त्यात ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती. रंगीत पडदा, माउस, चित्रांची बटणं. सगळं बसवून द्यायला पुण्याहून सौमित्र नावाचा तरुण महिन्या-दीड महिन्यासाठी आला. सौमित्र स्वभावानं चांगला, कामाला चोख. दोष एवढाच की जुनं काही दिसलं की त्याला झाडू आठवायचा. त्यानं अण्णांची तीनशे ऐंशी ड्रॉइंगं नव्या मशीनवर नीट उतरवून घेतली आणि बाकीचा पसारा जुन्या मशीनवरच सोडून दिला. दुसऱ्याच दिवशी जुनं मशीन टेम्पोत चढून साताऱ्याला गेलं. तिथं जयराजच्या थोरल्या बहिणीचा, प्रियदर्शनीचा, कॉम्प्युटरचा क्लास होता.

नव्या मशीनवर पहिलं बसायचा मान अण्णांचा. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खुर्ची ओढून बसले, बोटं मोडली आणि एका बोटानं ‘रेघ’ टाइप केलं. मशीननं उत्तर दिलं, अननोन कमांड. अण्णांना वाटलं, अक्षर चुकलं. पुन्हा टाइप केलं. मग ‘गोल’. मग ‘पूस’. तीनही वेळा तेच. सौमित्रनं अदबीनं सांगितलं की काका, आता टाइप करायची गरज नाही, या चित्रावर नुसतं टिचकी मारायची. अण्णांनी मारून बघितली. केसाएवढी रेघ न थरथरता ओढणारा हात, पण त्या माउसवर बाण पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला. अण्णांनी हात मागं घेतला.

“वळखत न्हाई ते मला,” ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. मग उठून त्यांनी खुर्ची टेबलाखाली नीट सारली आणि शाळूच्या राखणीचं निमित्त सांगून आठ दिवसांच्या रजेवर वडूजला गेले.

पुढचं रामायण त्या आठ दिवसांत घडलं, आणि त्यात चारुशीलाचाच मोठा वाटा होता.

शिराळ्याच्या एका बागायतदाराला मोठा ड्रम हवा होता. अण्णांचं सत्तावीस नंबरचं ड्रॉइंग त्याला बरोबर लागू पडत होतं. सौमित्रनं ते नव्या मशीनवर उघडलं, छापलं आणि चारुशीलाच्या हातात दिलं. मापं सगळी जिथल्या तिथं होती, पण अण्णांच्या सूचना गेल्या होत्या. त्यांनी घडवलेली अक्षरं नव्या मशीनवर आलीच नव्हती, आणि अक्षर सापडलं नाही की ते मशीन त्या जागी प्रश्नचिन्ह काढायचं. ड्रमच्या कडेला ‘हितं वेल्डिंग नको, जाळी जळंल’ असं असायचं, तिथं ओळीनं चौदा प्रश्नचिन्हं उभी होती. चारुशीलाला ते खटकलं. सौमित्र म्हणाला, मजकूर काय, शोभेचा; आकडे बरोबर आहेत ना, मग झालं. तिला ते पटलं नव्हतं, पण हंगामाची घाई होती, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला चूक म्हणायचं धाडस तिच्यात त्या दिवशी नव्हतं.

खाली नाथाजीनं कागद उलटसुलट करून बघितला आणि ही चिन्हं कसली म्हणून विचारलं. चारुशीलानं सौमित्रचंच वाक्य त्याला ऐकवलं. अक्षरांचं काही मनावर घेऊ नका, आकडे बरोबर आहेत, तुम्ही आकड्यांप्रमाणे करा. एवढं बोलून ती माडीवर निघून गेली.

आता चारुशीलाच्या मनात आकडे म्हणजे मापं. नाथाजीचा मात्र सगळा जन्म लोखंडात गेलेला. त्याच्या मनात आकडा म्हणजे पोतं अडकवायचा, वाकवलेल्या सळईचा आकडा. त्यानं पुन्हा कागदाकडं बघितलं, आणि खरंच की, ड्रमच्या कडेनं एकाला एक लागून चौदा आकडे काढलेले. वरून गोल वाकवलेले, खाली सरळ उतरलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक टिकली. टिकली म्हणजे अर्थातच बोल्ट. अण्णांनी काढलंय आणि चारूताईंनीही बरोबर म्हणून सांगितलंय, मग शंका कसली घ्यायची. नाथाजीनं आठ एमएमची सळई घेतली, तापवली आणि दोन दिवस खपून चौदा आकडे वळवले, ड्रमच्या कडेवर ओळीनं वेल्ड केले आणि प्रत्येकाखाली एकेक बोल्ट बसवला. गुंडा फिटरनं हे कशाला म्हणून विचारलं, तर शिराळ्याकडं असलंच लागतं, असं नाथाजीनं त्याला ठणकावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ड्रमची ट्रायल होती. जयराजनं स्वतः बटण दाबलं. ड्रम फिरायला लागला, चौदा आकडे हवेत गरगरायला लागले, आणि पहिल्याच फेऱ्यात एका आकड्यानं गुंडाच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला. दुसऱ्या फेऱ्यात खुंटीवरचं कुणाचं तरी जाकीट गेलं. मग दोऱ्यांचं एक बंडल. बटण बंद करेपर्यंत ड्रमवर निम्म्या कारखान्याचं वाळवण पडलं होतं. माणसं पोट धरधरून हसत होती. जयराज मात्र हसला नाही. हा काय प्रकार आहे, असं त्यानं विचारलं. नाथाजीनं शांतपणे ड्रॉइंग आणून त्याच्या पुढ्यात धरलं.

“हे बगा. चौदा हायत का न्हाई? आन् चारूताईच म्हनल्या, आकडे बरोबर हायत, आकड्यापरमानं करा.”

माणसं कागदावर वाकली, आणि तिथं खरंच चौदा होते. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला आणि पुन्हा एकदा असा हशा उसळला की रस्त्यावरची माणसं आत डोकावून गेली. चारुशीला जिन्यात उभी होती. हसू तर आवरत नव्हतं आणि लाजेनं कानशिलं तापली होती. तिनं तिथंच जयराजला सांगितलं, की चूक नाथाजीची नाही, माझी आहे; मी प्रश्नचिन्हं बघितली होती आणि तरीही कागद खाली दिला. जयराज तिला रागावला नाही. पण संध्याकाळी त्यानं निर्णय सांगितला. जुन्या ड्रॉइंगांचा भरवसा उरला नाही, तेव्हा तीनशे ऐंशीच्या तीनशे ऐंशी पुण्याहून नव्यानं इंग्रजीत काढून घ्यायची, आणि खालच्या माणसांना इंग्रजी सूचना वाचायला शिकवायचं.

अण्णा रजेवरून आले ते सरळ खाली वेल्डिंगच्या शॉपमध्ये गेले. आकडेवाला ड्रम अजून तिथंच होता. त्यांनी सगळी हकीगत ऐकून घेतली, एका आकड्याला हात लावून हिसडा देऊन बघितला आणि वेल्डिंग मातुर झ्याक केलंयस म्हणून नाथाजीची पाठ थोपटली. मग माडीवर येऊन त्यांनी जयराजला सांगितलं की गुढीपाडव्याला मी काम सोडतो. जयराज कावराबावरा झाला. तुमच्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगायला लागला.

“आरं, रागानं न्हाई बोलत मी,” अण्णा म्हणाले. “मी सांगतो ते ह्या मशीनला कळत न्हाई, आन् हे दावतंय ते खालच्या मानसास्नी कळत न्हाई. मग मी मधी बसून काय करू?”

चारुशीला शेजारच्या टेबलावर होती. तिनं मान वर केली नाही, पण समोरची ओळ तिला दिसेनाशी झाली. अण्णांशिवाय ही माडी, हे तिला मनात उभंच करता येईना. तिनं या माणसाकडून नुसती रेघ शिकली नव्हती. कुठल्या जागी न बोलता थांबायचं आणि कुठं कागदावर ‘घाई नको’ लिहायचं, हेही शिकली होती. पाडव्याला दीड महिना होता. तेवढ्यात काय करता येईल ते करायचं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सौमित्रला गाठलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवून विचारलं, की अण्णांची हुकमांची यादी आणि अक्षरं यांचं काय केलंत. सौमित्र एवढासा झाला. त्या आकड्यांपासून तोही मनातून खजील होताच. त्यानं सांगितलं की नव्या आवृत्तीतही तशी यादी असते, अक्षरंही घालता येतील. फक्त त्या दोन फायली हव्यात, आणि त्या जुन्या मशीनवर राहिल्या. मशीन साताऱ्याला. आणि तिथं पोचल्यावर सगळं पुसून मशीन कोरं करून घ्या, असा सल्ला आपणच प्रियदर्शनीताईंना फोनवर दिला होता, हे त्यानं खाली बघत कबूल केलं.

चारुशीलानं रजा टाकली आणि सकाळची साताऱ्याची एसटी पकडली. पिशवीत चार कोऱ्या फ्लॉप्या, आणि एवढी वर्षं ज्यांच्यावर काम केलं ते हुकूम कुणीतरी ‘पूस’ म्हणून पुसून टाकले असतील, ही धास्ती. कराड मागं पडेपर्यंत तिनं खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही.

पोवई नाक्याजवळ एका दवाखान्याच्या वर क्लास होता. जिना चढतानाच तिच्या कानावर आवाज आला आणि तिचे पाय तिथंच थबकले.

“आगं पूस की ते. माघार घे, माघार.”

आत दहा-बारा मुलंमुली त्या जुन्या काळ्या पडद्याभोवती दाटीवाटीनं बसली होती. एक मुलगी टाइप करत होती आणि बाकीचे तिला हुकूम सांगत होते. रेघ, गोल, सरक, उलट. भिंतीवर कार्डशीटवर सगळी यादी मोठ्या अक्षरात लिहून लावलेली. चारुशीला दारातच उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं येऊ दिलं.

प्रियदर्शनीताई मोठ्या उत्साही बाई. त्यांना वाटलं होतं की कंपनीनं मराठी मुलांसाठी मुद्दाम काढलेला हा प्रोग्रॅम आहे. इंग्रजी पुस्तकावरून मुलं महिना महिना रडायची, आणि या मशीनवर आठवड्यात ड्रॉइंग काढायला लागली, असं त्या सांगत होत्या. मशीन कोरं करायचा फोन आला होता खरा, पण मुलांनी करू दिलं नाही. यादीच्या डोक्यावर अण्णांनी नव्वद साली आपलं नाव लिहून ठेवलं होतं, ‘हवालदार नलवडे’. त्यावरून मुलांनी या भाषेचंच नाव हवालदारी ठेवलं होतं. तुला हवालदारी येते का, असं नव्या मुलाला आल्या आल्या विचारायची तिथं पद्धत पडली होती. हा हवालदार खरंच आहे आणि सांगलीत बसतो, हे कळल्यावर मुलांनी चारुशीलाला गराडाच घातला. तिनं दोन्ही फायली चार-चार वेळा फ्लॉप्यांवर उतरवून घेतल्या, स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि परतीच्या एसटीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

सोमवारी सौमित्र सकाळपासून कामाला लागला. यादी नव्या मशीनवर जिथं असायला हवी तिथं बसवायला त्याला तासभर लागला, अक्षरांना मात्र जेवणाची सुट्टी होऊन गेली. दुपारी त्यानं सत्तावीस नंबर उघडलं. ड्रमच्या कडेवरची चौदा प्रश्नचिन्हं गेली आणि उजवीकडं कललेल्या अक्षरांत ‘हितं वेल्डिंग नको, जाळी जळंल’ ही ओळ उमटली. चारुशीलानं खालून नाथाजीला बोलावलं. जयराजही त्याच्या मागोमाग आला. नाथाजीनं ओळ मोठ्यानं वाचली, मग डोकं खाजवत पुन्हा वाचली.

“म्हंजी जितं करू नगं म्हून लिवलं हुतं, तितंच मी चौदा केलं व्हय,” तो म्हणाला.

जयराजला यावेळी हसू आवरलं नाही. पण हसून झाल्यावर त्यानं ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. आपण या ओळींना शोभा समजत होतो आणि खाली प्रत्येक टिकलीसुद्धा वाचली जाते, एवढं त्याला त्या आकड्यांनी शिकवलं होतं. त्यानं पुण्याचं काम रद्द केल्याचं सौमित्रला तिथंच सांगितलं. अण्णांचं काय, ते मात्र त्यानं काढलं नाही. पाडवा त्यांनीच ठरवला होता.

अण्णा त्या दिवशी शॉपमध्ये मोजमापं घेत होते. चारुशीलानं त्यांना बोलावून, सत्तावीस नंबरात एक रेघ दुरुस्त करायची आहे म्हणून सांगितलं. ते सौमित्रला सांग, असं ते म्हणाले. रेघ तुमची आहे, तुम्हीच दुरुस्त करा, असा तिनं हट्ट धरला. कुरकुरत का होईना, अण्णा खुर्चीवर बसले. माउस त्यांनी कोपरानं बाजूला सारला, एका बोटानं ‘रेघ’ टाइप केलं आणि उत्तर वाचायला चष्मा सावरला. या वेळी नकार आला नाही. रेघ कुठून काढायची, असं मशीननं निमूट विचारलं.

अण्णांनी रेघ ओढली. ‘गोल’ म्हटलं, गोल आला. ‘पूस’ म्हटलं, पुसलं गेलं. ड्रॉइंगवरची आपली अक्षरं त्यांनी बोटानं पडद्यावर चाचपून बघितली. मग खिशातून रुमाल काढून सावकाश चष्मा पुसत बसले, आणि सौमित्र उगाचच खिडकी उघडायला गेला.

चारुशीलानं यादीचा छापलेला कागद त्यांच्यापुढं ठेवला. अण्णांनी पेन्सिल घेतली आणि एकेक हुकूम मोजायला लागले. मोजून झाल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. एक्केचाळीस होते, हे सेहेचाळीस कसे? मग तिनं साताऱ्याची सगळी कथा सांगितली, क्लास, कार्डशीट, हवालदारी. जास्तीचे पाच हुकूम त्या मुलांनी घातलेत. अण्णांनी ऐकता ऐकता मान खाली घातली होती. त्यांचे कान लालबुंद झाले होते. पण हवालदाराची शिस्त सुटत नाही. एकेक शब्द त्यांनी तपासायला घेतला. वेड्यावाकड्या वळणाला मुलांनी ‘जिलबी’ नाव ठेवलं होतं, ते त्यांना फार आवडलं. माघारीच्या जोडीला ‘अरारा’ असा दुसरा शब्द दिला होता. सोल्जर अरारा म्हणत नसतो, पण सिव्हिलियन लोकांना चालेल, असं म्हणून तो त्यांनी राहू दिला. आणखी दोन त्यांनी मुकाट्यानं पास केले. फाइल बंद करायच्या हुकमाला ‘चहा’ म्हटलं होतं, त्यावर मात्र त्यांनी काट मारली.

मग चष्म्यावरून त्यांनी चारुशीलाकडं बघितलं.

“परक्या पोरांनी तीन आठवड्यात पाच घातलं. तू चार वर्सं बसलीस हितं, तुजा एक बी न्हाई?”

यादी तुमची आहे असं मला वाटायचं, ती म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःलाच ते खुळचट वाटलं. अण्णा नव्या पडद्यावरची चित्रांची बटणं एकेक करून न्याहाळायला लागले. एका बटणाशी थांबून त्यांनी सौमित्रला ते काय करतं म्हणून विचारलं. कागदावर छापून आल्यावर सगळं ड्रॉइंग कसं दिसेल ते आधीच दाखवतं, असं सौमित्रनं सांगितलं. असलं काही जुन्या मशीनवर त्यांनी कधी वापरलं नव्हतं. छापल्यावर कळायचं आणि कागद वाया जायचे.

“ह्याला आपल्यात नाव न्हाई,” अण्णा म्हणाले. “तू ठेव. माज्या तोंडचं नगं, तुज्या तोंडचं सांग.”

चारुशीलानं बराच विचार केला. डोक्यात येणारा प्रत्येक शब्द अण्णांचाच निघत होता. शेवटी घरी वाईला आई नवं पातळ अंगावर धरण्याआधी म्हणते तेच तिच्या तोंडून आलं.

“बघू या.”

अण्णांनी इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजली, सात भरली. हुकूम एवढा लांबलचक नसतो आणि हुकूम देणारा स्वतः बघायला सोबत जात नसतो, अशा दोन हरकती त्यांनी नोंदवल्या. यादीतले बाकीचे सगळे शब्द एकाला सोडलेले, तू पूस, तू सरक, तू गप. हा एकटाच दोघांचा. तरी त्यांनी एका बोटानं तो यादीच्या तळाशी टाइप केला, यादी पुन्हा भरली आणि करून बघितला. पडदा एकदा मिटला आणि अख्खं सत्तावीस नंबर त्यांच्यासमोर उभं राहिलं, चारही कडांसकट, अक्षरांसकट. अण्णा खुर्ची पुढं ओढून ते निरखायला लागले. एका भोकाचं माप त्यांना शंकास्पद वाटलं आणि त्यांनी चारुशीलाला फूटपट्टी मागितली.

जयराज जिना चढून आला तो नेमका तेव्हा. इस्लामपूरचा एक ड्राफ्ट्समन उद्या मुलाखतीला येणार होता. अण्णांच्या पाठीशी उभा राहून त्यानं जरा चाचरतच विचारलं, पाडव्याचं नक्की ना, म्हणजे मला त्या माणसाला तसं सांगायला बरं.

अण्णांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“बगू या,” ते म्हणाले.

जयराज इस्लामपूरला फोन करून येऊ नका म्हणून सांगायला खाली गेला.